‘मदरबोर्ड गेला’ म्हणून आलेला लॅपटॉप : लालबागमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

लालबागच्या एका जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एक ताई घरून डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावायचं, काम करतात. वर्षभर लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, छोट्या प्रकाशकांची पुस्तकं आणि पावसाळ्यात दिवाळी अंक. अंकाची पानं लावायची घाई गणपतीच्या आगेमागे सगळ्यात जास्त असते. वर्षाच्या कमाईतला मोठा वाटा त्यांना याच दोन-तीन महिन्यांत मिळतो. घरात लॅपटॉप एकच, पाच वर्षांपूर्वी घेतलेला, आठ जीबी रॅमचा, एसएसडी (फाइली साठवणारी डिस्क) असलेला. वॉरंटी केव्हाच संपली होती.

मी करी रोडजवळ लॅपटॉप दुरुस्तीचं टेबल चालवतो. गणपती बसायला पाच दिवस होते तेव्हा त्या आल्या. हातात लॅपटॉप, अडॅप्टर आणि एका दुकानाची चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहिलं होतं : मदरबोर्ड (म्हणजे लॅपटॉपचा मुख्य बोर्ड) बदलणे, १४,५०० रुपये. अंकाची ६४ पानं लावायची राहिली होती आणि फाइल गणपतीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत प्रेसला द्यायची होती.

ताईंची परवानगी घेऊन हे लिहितो आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, लॅपटॉपची कंपनी आणि आधीचं दुकान यांची नावंही देत नाही. बिघाड कसा शोधला आणि त्यात आम्ही कुठे चुकलो, हे मात्र जसं घडलं तसंच आहे.

तक्रार

जूनच्या शेवटी लॅपटॉप मंद झाला. आधी वाटलं फाइल मोठी आहे म्हणून. मग पत्रिकेचं एक पान उघडायलाही मिनिटं लागू लागली. अक्षर टाइप केलं की ते पडद्यावर उमटेपर्यंत पुढचा शब्द बोटातून गेलेला असायचा. त्याच सुमारास बॅटरी चार्ज होणं थांबलं. अडॅप्टर लावलेला असला तर मशीन चालायचं, पिन जरा हलली की फट्कन बंद. न सेव्ह केलेलं काम जायचं.

मी विचारलं, “ताई, चालू करताना काळ्या पडद्यावर काही येतं का?”

“येतं ना. इंग्रजीत दोन-तीन ओळी येतात. कुठलंही बटण दाबलं की जातात. दोन महिने तसंच करतेय, दादा.”

त्या दोन-तीन ओळींत सगळं उत्तर होतं. पण तिथे पोचायला आम्हाला दीड दिवस लागला. आमच्या आधी लॅपटॉप हाताळलेल्या दोघांनीही त्या ओळी वाचल्या नव्हत्या.

आमच्याकडे येण्याआधी

जुलैत ताईंचा भाचा पुण्याहून आला होता. मुलगा हुशार आणि मनापासून मदत करणारा. मशीन मंद म्हणजे विंडोज खराब, असं समजून त्याने डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकलं. कामाच्या फाइली आधी पेनड्राइव्हवर घेतल्या, पण फॉन्ट घ्यायचे राहिले. मराठी डीटीपीत ही फार महागात पडणारी चूक आहे. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. तो फॉन्ट मशीनमध्ये नसेल तर दहा वर्षांपूर्वीचं पुस्तक उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ताईंचे बरेचसे फॉन्ट एका प्रेसवाल्यांकडून परत मिळाले, दोन मिळाले नाहीत. एवढं करूनही मशीनचा वेग तसाच राहिला.

ऑगस्टमध्ये त्या जवळच्या दुकानात गेल्या. तिथे बॅटरी बदलली, २,६०० रुपये. नवी बॅटरी दुकानातून निघताना ३८ टक्के भरलेली होती, घरी येऊन संपली आणि पुन्हा भरलीच नाही. त्या परत गेल्या. दुकानदाराने मल्टिमीटर लावून अडॅप्टर तपासला, व्होल्टेज बरोबर आलं. मग त्याच्याकडचा वेगवेगळ्या पिनांचा युनिव्हर्सल अडॅप्टर लावून पाहिला, तरी चार्जिंग नाही. अडॅप्टर ठीक, बॅटरी नवी, मग उरला मदरबोर्ड. तपासणीचे ५०० रुपये आणि ती चिठ्ठी.

दुकानदाराने फसवलं असं मला वाटत नाही. त्याच्या हातात असलेल्या दोन्ही चाचण्यांना हा बिघाड दिसणं शक्यच नव्हतं. ते का, हे पुढे येईल.

पहिला निर्णय : आधी डेटा

ताईंना घाई होती. मलाही लगेच खोलून बघायचा मोह झाला. तरी आधी कामाच्या फाइली बाहेर काढायच्या असं ठरवलं. मशीन अचानक बंद पडत होतं, आणि असं वारंवार झालं की लिहीत असलेली फाइल अर्धवट राहून बिघडू शकते.

मंद मशीनवरून कॉपी करायला रात्र गेली असती. म्हणून मागचं झाकण काढलं, बॅटरीचं कनेक्टर सोडवलं, एसएसडी काढली आणि बाहेरच्या केसमध्ये घालून माझ्या मशीनला लावली. पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागणारी चौकट आली. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजमधल्याच कुलपाने, बंद होती.

ताई घाबरल्या. “मी कधीच पासवर्ड टाकला नाही हो.”

त्यांनी खरंच टाकला नव्हता. नवं विंडोज टाकताना मायक्रोसॉफ्टच्या खात्याने साइन इन केलं की पुष्कळ लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे हे कुलूप, आपोआप सुरू होतं आणि त्याची की त्या खात्यात जाऊन बसते. ताईंचं खातं नव्हतं, म्हणून भाच्याने स्वतःचं वापरलं होतं. म्हणजे लालबागच्या लॅपटॉपची किल्ली पुण्यात, आणि त्याची कल्पना दोघांनाही नाही. भाच्याला फोन केला. त्याने खात्यात शोधलं, चौकटीत दिसणाऱ्या आयडीशी पहिली आठ अक्षरं जुळवली आणि की वाचून दाखवली. कुलूप उघडलं. फाइली माझ्या डिस्कवर घेतल्या आणि ताईंच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवरही.

मदरबोर्ड बदलला असता तर काय झालं असतं, ते इथे सांगायला हवं. रोजच्या वापरात हे कुलूप आपलं आपण उघडतं, कारण बोर्डाशी जोडलेला टीपीएम नावाचा सुरक्षेचा भाग त्याची किल्ली सांभाळत असतो. बोर्ड गेला की तो भागही जातो, आणि नव्या बोर्डावर मशीन तीच ४८ आकडी की मागतं. भाच्याने दरम्यान खातं बंद केलं असतं, किंवा दुकानदाराने “पुन्हा फॉरमॅट मारू” म्हटलं असतं, तर सगळा अंक गेला असता. बोर्ड बदलायला देण्याआधी ही की कुठे आहे हे विचारणारे कारागीर मला फार थोडे भेटलेत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तपासणी

एसएसडीची प्रकृती आधीच पाहून घेतली होती, ती चांगली होती. मग ती परत बसवली, बॅटरी जोडली, ताईंचा अडॅप्टर लावला आणि मशीन चालू केलं. या वेळी कुठलंही बटण न दाबता काळ्या पडद्यावरच्या ओळी वाचल्या. मशीन सांगत होतं : अडॅप्टर कोणत्या प्रकारचा आहे ते ओळखता येत नाही, त्यामुळे बॅटरी चार्ज होणार नाही आणि मशीन कमी वेगाने चालेल.

दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे हे तिथे कळलं. तरी फक्त संदेशावर विसंबलो नाही. विंडोज उघडल्यावर टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग पाहिला, ०.४० गिगाहर्ट्झवर अडकलेला. हा प्रोसेसर एरवी तीनच्या आसपास चालतो. मंदपणाचं नेहमीचं कारण उष्णता असतं. पंख्यात धूळ बसते, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी पेस्ट सुकते, प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ जातो आणि जीव वाचवायला वेग कमी करतो. इथे तापमान ४७ अंश होतं. प्रोसेसर गार असून हळू चालत होता, म्हणजे बाहेरून कोणीतरी त्याला थांबवून धरलं होतं.

आता अडॅप्टरकडे येऊ. हा १९.५ व्होल्ट, ३.३४ अँपिअरचा, म्हणजे ६५ वॅटचा, गोल पिनचा अडॅप्टर. पिनकडे नीट पाहिलं तर तीन भाग दिसतात. बाहेरची कडा निगेटिव्ह, आतली भिंत पॉझिटिव्ह आणि मधोमध सुईसारखी बारीक पिन. काही मोठ्या कंपन्यांच्या गोल पिनच्या अडॅप्टरमध्ये ही मधली पिन वीज देण्यासाठी नसते, ती ओळख पटवण्यासाठी असते. लॅपटॉप तिच्यावरून विचारतो, ‘तू किती वॅटचा?’ अडॅप्टरमधली चिप उत्तर देते. उत्तर आलं नाही तर लॅपटॉप असं धरून चालतो की समोरचा अडॅप्टर अशक्त आहे, त्याच्यावर भार टाकला तर तो तापेल. मग तो बॅटरी भरणं बंद ठेवतो आणि प्रोसेसरला लगाम घालतो. ही बिघाडाची खूण नाही, मशीनने घेतलेली काळजी आहे.

दुकानातल्या दोन्ही चाचण्या कुठे कमी पडल्या ते आता दिसेल. मल्टिमीटर कडा आणि भिंत यांच्यातलं व्होल्टेज मोजतो, मधल्या पिनवरचं बोलणं त्याला ऐकू येत नाही. आणि त्या युनिव्हर्सल अडॅप्टरमध्ये ओळखीची चिपच नव्हती, त्यामुळे तो लावल्यावर हीच लक्षणं दिसणार होती. चांगल्या मदरबोर्डावरसुद्धा!

मल्टिमीटरबद्दल एक सांगून ठेवतो. त्याचं टोक मधली पिन आणि भिंत यांना एकदम टेकलं तर १९ व्होल्ट ओळखीच्या तारेवर जातात आणि चिप जळू शकते, कधी लॅपटॉपच्या आतली बाजूही. घरी हा प्रयोग करू नये.

मग मी पिनेजवळची केबल बोटांत धरून हळूहळू वाकवली आणि डोळे टास्क मॅनेजरवर ठेवले. एका विशिष्ट कोनात चार्जिंगची खूण उमटली आणि वेग ०.४० वरून २.९ वर गेला. बोट हललं, पुन्हा खाली. ताई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी ते आकडे पाहिले आणि फक्त म्हणाल्या, “दोन महिने...”

केबल पिनेच्या मानेपाशी आतून तुटली होती. वीज नेणाऱ्या दोन तारा जाड असतात, त्या तग धरून होत्या. ओळखीची तार केसासारखी बारीक असते, पहिली तीच जाते.

पर्याय

अजून चार दिवस हाती होते. पाच रस्ते समोर होते, ते ताईंसमोर बसूनच बोललो.

मदरबोर्ड बदलणं तिथल्या तिथे बाद झालं. नवा लॅपटॉप घेणं ताईंच्या मनात होतं. पैशांची सोय कशीबशी झाली असती, पण जुने फॉन्ट आणि सॉफ्टवेअर नव्या मशीनवर बसवून चार दिवसांत ६४ पानं हे मला अशक्य वाटलं, आणि तसं स्पष्ट सांगितलं.

तिसरा रस्ता मोहाचा होता. थ्रॉटलस्टॉपसारखं फुकट सॉफ्टवेअर घालून प्रोसेसरचा लगाम सोडवता येतो. बाहेरून येणारा ‘हळू चाल’ हा संकेतच बंद करायचा, की दहा मिनिटांत मशीन पुन्हा पळू लागतं. खूप जण हेच करतात. माझा बराच वेळ यावर गेला, कारण ताईंची गरज तातडीची होती. शेवटी नको म्हटलं. बॅटरी तरीही भरली नसती, म्हणजे पिन हलली की काम जाणं चालूच राहिलं असतं. शिवाय तो संकेत फक्त अडॅप्टरसाठी नसतो. बोर्डावरचे वीज पुरवणारे भाग तापले तरी त्याच वाटेने प्रोसेसरला थांबवतात. रात्र-रात्र चालणाऱ्या मशीनवर ती वाट बंद करणं मला पटलं नाही. तासाभराची निकड असती आणि मी समोर बसलेला असतो, तर कदाचित केलं असतं.

चौथा रस्ता म्हणजे तुटलेली केबल कापून नवी पिन जोडणं. होतं, मी केलेलंही आहे, पण बारीक तारेचा तो जोड नेमका वाकणाऱ्या जागी येतो आणि फार दिवस टिकत नाही. म्हणून पाचवा घेतला : त्याच कंपनीचा, ओळखीची चिप असलेला अस्सल अडॅप्टर.

काय केलं

त्या रात्रीपुरता एका शिक्षक गिऱ्हाइकाकडून त्याच कंपनीचा ६५ वॅटचा अडॅप्टर उसना आणला. लावताच काळ्या पडद्यावरचा संदेश गेला, बॅटरी भरू लागली, वेग पूर्ण. ताई मशीन घेऊन घरी गेल्या आणि त्या रात्री बारा पानं लावली.

दुसऱ्या दिवशी मी करी रोडहून दादर आणि तिथून ग्रँट रोडला गेलो. स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असलं तरी सुटे भाग घेणारा प्रत्येक जण लॅमिंग्टन रोडच म्हणतो. तिथे एकाच लेबलचा अडॅप्टर सहाशेलाही मिळतो आणि दोन हजारालाही, आणि बाहेरून फरक दिसत नाही. माझी पद्धत सोपी आहे. त्याच कंपनीचा चालू लॅपटॉप सोबत न्यायचा, काउंटरवर अडॅप्टर लावायचा आणि बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन अडॅप्टरच्या नोंदीत किती वॅट दिसतात ते वाचायचं. या कंपनीच्या बायोसमध्ये तशी नोंद असते. पहिल्या दोन अडॅप्टरना तिथे ‘अज्ञात’ आलं. तिसऱ्याला ६५ आलं, तो १,९०० रुपयांना घेतला. दुकानदार रागावला नाही, उलट म्हणाला की असं तपासणारं गिऱ्हाईक परत भांडायला येत नाही.

हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपना टाइप-सी चार्जर येतो. तिथेही ही ओळख असतेच, चार्जर आणि लॅपटॉप आधी आपसात बोलून किती व्होल्ट घ्यायचे ते ठरवतात. फोनचा १८ वॅटचा चार्जर लावला तर लॅपटॉप चार्जच होत नाही किंवा अगदी हळू होतो, त्यामागे हेच आहे. तेव्हाही कोणीतरी मदरबोर्ड म्हणतंच.

संध्याकाळी नवा अडॅप्टर ताईंना दिला, उसना शिक्षकांना परत केला आणि काम झालं असं मानलं. ती माझी चूक होती.

पुन्हा तीच तक्रार

पुढच्या रात्री साडेअकराला ताईंचा फोन आला. मशीन पुन्हा मंद, संदेश परत आला, नवा अडॅप्टर असूनही. वीस पानं राहिलेली. रस्त्यावर गणपतीच्या तयारीची गर्दी. मी चालतच गेलो.

घरी गेल्यावर जे दिसलं ते मला पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. ताई पलंगावर बसून मांडीवर पाट घेऊन काम करतात. खोलीतला सॉकेट दाराच्या वर, तिथून एक्स्टेन्शन पलंगापर्यंत ओढलेलं, आणि अडॅप्टरची केबल कायम बाजूला ताणलेली. पाच वर्षं रोज तसंच. त्या ताणाने केबलची मान तुटली, आणि तोच ताण पिन जिथे शिरते त्या लॅपटॉपमधल्या जॅकवरही पडत होता. नवी पिन जॅकमध्ये किंचित वर-खाली केली की ओळख जात-येत होती. जॅकच्या आत मधल्या पिनेला धरणारी पट्टी सैल झाली होती.

एकाच कारणाने दोन जागा बिघडल्या होत्या. एक सापडल्यावर मी शोधणं थांबवलं.

या मॉडेलमध्ये जॅक बोर्डाला डाग देऊन जोडलेला नसतो, छोट्या केबलवर वेगळा असतो. ही नशिबाची गोष्ट. बोर्डाला डाग दिलेला असता तर बोर्डावरचे बारीक भाग बदलणाऱ्या, चिप लेव्हलच्या कारागिराकडेच न्यावं लागलं असतं. त्या रात्री मी लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवला, पिन एका कोनात टेकवून केबल टेपने पक्की केली आणि ताईंना म्हटलं, हलवू नका, दर पानाला सेव्ह करा. आता बॅटरी भरलेली होती, त्यामुळे पिन सुटली तरी मशीन बंद पडणार नव्हतं. सकाळी जॅकची केबल आणली, ३५० रुपये, आणि अर्ध्या तासात बदलली.

या वेळी घाई केली नाही. प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी चाळीस मिनिटं चालवली आणि तेवढा वेळ पिन मधूनमधून चारी बाजूंनी हलवत राहिलो. वेग एकदाही पडला नाही.

शेवटी काय झालं

फाइल गणपतीच्या आदल्या दिवशी दुपारी चारला प्रेसला गेली. माझी मजुरी ६०० धरून ताईंचा आमच्याकडचा खर्च २,८५० रुपये झाला. त्याआधीचे ३,१०० वेगळे, आणि दोन महिन्यांत हातून गेलेली छोटी कामं ताईंनी मोजली नाहीत.

बॅटरी बदलण्याचा खर्च मात्र पूर्ण वाया गेला नव्हता, हे नंतर कळलं. ताईंनी जुनी बॅटरी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात साड्यांखाली ठेवली होती, “दुकानदाराने परत दिली म्हणून.” बघितली तर मधोमध फुगलेली. लिथियम बॅटरी वर्षानुवर्षं शंभर टक्के भरून, गरम राहिली की आतला द्रव विघटित होऊन वायू तयार होतो आणि पाकीट फुगतं. टचपॅडचं बटण कडक होणं किंवा खालचं झाकण उचलल्यासारखं दिसणं ही त्याची खूण, आणि टचपॅड मे महिन्यापासून नीट दबत नव्हता असं ताईंना आता आठवलं. अशी बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, घरच्या कचऱ्यात टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. मी ती वाळू घातलेल्या डब्यात ठेवली आणि माझ्या बाकीच्या बॅटऱ्यांबरोबर अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्यांना दिली. दुकानाने ती ताईंच्या हातात द्यायलाच नको होती.

नव्या बॅटरीसाठी बायोसमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० टक्के केली, कारण हा लॅपटॉप कायम सॉकेटलाच असतो.

वेगळं काय करता आलं असतं

भाच्याने फॉरमॅट करण्याआधी टास्क मॅनेजर उघडून वेगाचा आकडा पाहिला असता, तर दोष विंडोजचा नाही हे एका मिनिटात कळलं असतं. सॉफ्टवेअरमुळे मंद झालेल्या मशीनचा प्रोसेसर सहसा पूर्ण वेगाने धावत असतो आणि तरी काम उरकत नाही. इथे तो बांधलेला होता. आणि खातं ताईंच्या नावाने काढायला हवं होतं. आता काढलं आहे. ४८ आकडी की ताईंनी कागदावर लिहून रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवली आहे.

दुकानदाराने त्याच कंपनीचा अस्सल अडॅप्टर एकदा लावून पाहिला असता, तर मदरबोर्डाची चिठ्ठी लिहिलीच गेली नसती. छोट्या दुकानात प्रत्येक कंपनीचा अडॅप्टर ठेवणं परवडत नाही, हे मी जाणतो. पण गोल पिनच्या मशीनचं चार्जिंग तपासायचं तर निदान दोन-तीन अस्सल अडॅप्टर लागतातच. मी या प्रकरणानंतर टाइप-सीचा एक धरून चार ठेवले आहेत.

माझ्या बाजूने दोन चुका. पहिली, मशीन कसं आणि कुठे बसून वापरता, हे मी विचारलं नाही. ते विचारलं असतं तर ताण दोन्ही टोकांना पडतो हे सुचलं असतं. दुसरी, नवा अडॅप्टर लावून पिन हलवून पाहिली नाही. केबल हलवून बिघाड सापडला होता, मग जॅकही तसाच हलवून बघायचा हे सरळ होतं. संदेश गेला, आकडा वर गेला, ताईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि मी तिथेच थांबलो. आता चार्जिंगच्या कुठल्याही तक्रारीवर अर्धा तास भार आणि हलवाहलव झाल्याशिवाय मशीन गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही, घाई कितीही असो.

थ्रॉटलस्टॉपबद्दल मात्र माझं मन अजून पूर्ण ठाम नाही. उसना अडॅप्टर मिळाला नसता तर त्या रात्रीची बारा पानं झाली नसती. तेव्हा मी काय केलं असतं, याचं प्रामाणिक उत्तर माझ्याकडे नाही.

एक गोष्ट राहूनच गेली आहे. लॅपटॉपच्या कडेला हात टेकला की मुंग्या आल्यासारखं होतं, असं ताई दुसऱ्या भेटीत म्हणाल्या होत्या. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या एक्स्टेन्शनमध्ये कन्व्हर्टर लावून घातला होता, म्हणजे अर्थिंग नाहीच. अडॅप्टरमधल्या फिल्टरमधून जो बारीकसा प्रवाह अर्थमध्ये जायचा, तो अंगातून जात होता. तीन पिनांचं एक्स्टेन्शन मी आणून दिलं, पण खोलीच्या सॉकेटलाच अर्थची तार आलेली नाही, हे टेस्टरने पाहून आलो. चाळीची वायरिंग जुनी आहे. ताईंनी कमिटीकडे अर्ज दिला आहे, इलेक्ट्रिशियन अजून आलेला नाही.